दोन दातांमधली खाच

बुद्धभूषणनं पार्सलची डबी उघडली, आतलं माप खिडकीच्या उजेडात धरलं आणि पहिली शिवी तिथल्या तिथे गिळली, कारण शेजारच्या टेबलावर त्याची बायको प्रतिभा मेणाचं काम करत होती आणि अजून सकाळचे दहाही वाजले नव्हते. दुसरी शिवी मात्र गिळता आली नाही.

"काय झालं आता?" प्रतिभानं मान वर न करता विचारलं.

"काय व्हायचंय? वरचे पुढचे चार दात, व्हेनियर करायचे. घासून झालेल्या दातांचं माप पाठवलंय. घासायच्या आधीचं कुठाय? नाही! चिठ्ठीवर काय लिहिलंय बघ, 'छान सरळ बनवा.' छान सरळ! मी काय भिंत बांधतोय?"

नाशिक रोडला जेल रोडच्या एका गल्लीत, स्वतःच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत बुद्धभूषणची दातांची लॅब होती. डॉक्टर तोंडात दात बसवतात, पण ते दात घडवतो कोण, हे तोंडवाल्याला कधी ठाऊक नसतं. तो घडवणारा म्हणजे हा. बावीस वर्षं तो चिनीमातीचे दात करत होता. हात सोन्यासारखा आणि तोंड मिरचीसारखं, असं त्याच्याबद्दल शहरातले डॉक्टर आपसांत म्हणत आणि काम त्यालाच देत.

त्याचा राग उगाच नव्हता. व्हेनियर म्हणजे दाताच्या पुढच्या अंगाला चिकटवायची नखाएवढी पातळ कवची. ती बसायची तर दातावर आधी तिच्यापुरती जागा करावी लागते. जागा किती, तर अर्धा मिलिमीटर. दाताचं वरचं कठीण कवच मुळातच पातळ. नखं वाढतात, केस वाढतात, हे कवच एकदा घासलं गेलं की पुन्हा येत नाही. म्हणून सुरुवात घासण्यापासून करायचीच नसते. आधी आहेत तसे दात मापात घ्यायचे, त्यावरून प्लास्टरचा साचा करायचा. साच्यावर मेणानं नवे दात घडवायचे आणि ते पेशंटला दाखवायचे. रंग तेव्हाच ठरवायचा, कारण तोंड वासून बसलं की दात सुकतात आणि आहेत त्याहून पांढरे दिसायला लागतात. मग ठरावीक खोलीचा बर, म्हणजे घासायच्या यंत्राचं बारीक टोक, घेऊन दातावर तीन आडव्या चऱ्या पाडायच्या, चरीच्या तळाला पेन्सिल फिरवायची आणि पेन्सिलची रेघ पुसली जाईल तेवढंच घासायचं. रेघ गेली की हात थांबला पाहिजे. शेवटी हिरडीत बारीक दोरा सारून तिला जरा मागं ढकलायचं, म्हणजे कड स्वच्छ दिसते, आणि मग दुसरं माप.

हे सगळं डॉक्टर लोक कॉलेजात पाच वर्षं शिकतात. बुद्धभूषण ते कुठल्या वर्गात शिकला नव्हता. दुसऱ्यांनी केलेल्या चुका रोज हातात घेऊन त्याचं ते पाठ झालं होतं. कुणी जास्त घासायचं, कुणी कमी, कुणाच्या मापात हिरडीची कडच नसायची. कुणी पिवळ्या दिव्याखाली काढलेला फोटो पाठवून 'याच रंगाचा करा' म्हणायचं. आणि आधीचं माप तर शंभरातले नव्वद पाठवतच नसत. "ते कशाला?" विचारत. कशाला! माणसाचा दात कसा होता हे त्या दाताला सोडून दुसऱ्या कुणाला माहीत असतं का?

त्यानं फोन लावला. गंगापूर रोडवर डॉक्टर शुभांगीचा दवाखाना होता. बाई वयानं लहान, हाताला हलकी, मनानं चांगली, पण सदा घाईत.

"मॅडम, आधीचं माप?"

"अहो भूषणदादा, झिजलेले, डागाळलेले दात होते ते. मध्ये चांगली खाच पडलेली. ती काय जपून ठेवायची? मी कडा सरळ करून घेतल्या. आता तुम्ही मस्त सरळ लाइन द्या."

"खाच? कसली खाच?"

"मधल्या दोन दातांना मिळून एक. काहीतरी सवय असणार. मी विचारलं ना त्यांना, दोरा तोडता का, सुपारी फोडता का? नाही म्हणाले. फॉर्म मुलीनं भरलाय, व्यवसाय 'सेवानिवृत्त'. साठी ओलांडलेले काका आहेत, मुलीनं हौसेनं आणलंय."

"फोटो?"

"एकच आहे. तोंड मिटून हसलेत. मोठं हसा म्हटलं तर हात आडवा धरतात."

बुद्धभूषणनं फोन ठेवला. खाच अशी आपोआप पडत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शिंप्याच्या दाताला दोऱ्याची पडते, सुताराच्या दाताला खिळ्यांची. दाताला काहीतरी काम लावल्याशिवाय दात असा झिजत नाही. पण ते काम कोणतं हे सांगणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे तो दात, आणि मॅडमनी तो घासून सपाट केला होता. तो दिवसभर धुसफुसला आणि कामाला लागला. चार सरळ दात घडवणं त्याला काही अवघड नव्हतं.

ते जवळजवळ तयार झाले तोवर एप्रिल लागला आणि शुभांगी मॅडमचा पुन्हा फोन आला. या वेळी वैतागलेल्या त्या होत्या.

"दादा, होताहेत ना लवकर? पक्के बसेपर्यंत म्हणून मी टेंपररी दात लावून दिलेत, ते काकांनी आठवड्यात तीनदा तोडून आणले! विचारलं काय खाता, तर म्हणे वरणभात. वरणभातानं दात तुटतात का कुठे?"

"मॅडम, त्यांना माझ्याकडे पाठवा."

"लॅबमध्ये? पेशंटला?"

"हो. आज."

लॅबमध्ये पेशंट यायची रीत नाही. पण मॅडमचाही नाइलाज झाला होता. दुपारी चारच्या सुमाराला दारात एक किडकिडीत, उंच म्हातारा उभा राहिला. पांढरा शर्ट, परटाघडीची पँट, खांद्याला लांबट कापडी पिशवी.

"जय भीम. झुंबर साळवे. म्याडमनी धाडलं."

"जय भीम, काका. या, बसा. दाखवा."

झुंबरकाकांनी खिशातून कागदाची पुडी काढली. तुटलेले टेंपररी दात त्यांनी त्यात जपून आणले होते. बुद्धभूषणनं तुकडे भिंगाखाली धरले. तुटायची जागा तिन्ही वेळा एकच होती, मधल्या दोन दातांची खालची कड.

"काका, खरं सांगा. काय चावता?"

"काय नाय."

"नखं? पेन? काडी?"

"नाय बा."

"मग दातात काहीतरी धरता. खिळा, सुई, विडी?"

"विडीला तर मी कधी शिवलो नाय."

"अहो काका, मग हे दात स्वतः होऊन तुटले का?" बुद्धभूषणचा आवाज चढला. "कधी तुटतात ते तरी सांगाल?"

"वाजवताना."

"काय वाजवताना?"

काकांनी पिशवीकडे असं पाहिलं, जणू म्हणत होते, एवढी लांब पिशवी बघूनसुद्धा या माणसाला विचारावं कसं लागतं. "क्लॅरोनेट. बँडात हाय मी. चौतीस वर्षं झाली. आत्ता प्रॅक्टिसलाच चाललोय."

बुद्धभूषणनं कपाळावर हात मारला. प्रतिभाही काम सोडून बघायला लागली.

"आणि हे तुम्ही मॅडमना सांगितलं नाहीत?"

"त्यांनी इचारलं का? त्यांनी इचारलं दातानं काय काय करता. क्लॅरोनेट काय दातानं वाजवत्यात व्हय? वठानं वाजवत्यात." हे त्यांनी अशा कनवाळूपणानं सांगितलं, की बुद्धभूषणला हसावं का भिंतीवर डोकं आपटावं कळेना.

"काढा. धरा तोंडात. वाजवू नका, नुसती धरा."

काकांनी क्लॅरोनेट जोडली, माउथपीस तोंडात धरला. बुद्धभूषणनं त्यांचा वरचा ओठ अंगठ्यानं उचलला आणि समोर आरसा धरला. खालचा ओठ रीडखाली, त्या थरथरणाऱ्या वेताच्या पट्टीखाली, दुमडलेला होता, ते बरोबर. पण वरून माउथपीसच्या पाठीवर नेमके ते दोन दात टेकलेले होते. सगळ्या वाद्याचा भार त्यांच्यावर होता. झुंबरकाका आरशात बघतच राहिले. सायखेड्याला मामाजवळ शिकले तेव्हापासून त्यांनी ओठ सांभाळला होता. ओठ फाटू नये म्हणून थंडीत लोणी लावायचे, तिखट कमी खायचे. वाजवताना दात तिथे टेकतात याचा त्यांना पत्ताच नव्हता.

"वाजवा आता."

काकांनी फुंकर घातली. सूर लागला, हलला, घसरला आणि चिरकला. त्यांनी पुन्हा धरला, पुन्हा घसरला. घासलेल्या दातांना गार हवा झोंबत होती आणि डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते दातांच्या ठणक्याचं नसावं.

"सूर सुटतोय," ते म्हणाले. "चौदा एप्रिलला बारा दिस राह्यले. जयंतीच्या मिरवणुकीत पयलं गाणं माझ्या क्लॅरोनेटनं उठतं. चौतीस वर्षांत एकदा चुकलं नाय. आई वारली त्या वर्षी बी वाजवलं. आता मास्तर म्हन्तो, झुंबरदा, यंदा तुमी जरा मागं थांबा, पुढं बेंजो लावू. मागं थांबायला माझी ना नाय. पन मागं थांबून वाजवू काय?"

बुद्धभूषण उठून खिडकीशी गेला. त्याला सगळ्यांचाच राग आला होता. दहा मिनिटांचं माप न घेणाऱ्या मॅडमचा. चौतीस वर्षं बँडात उभा असलेल्या बापाला एका शब्दात सेवानिवृत्त लिहून मोकळी होणाऱ्या मुलीचा. विचारलं तेवढ्यालाच उत्तर देणाऱ्या या म्हाताऱ्याचा. आणि ट्रेमध्ये ठेवलेल्या आपल्या चार सरळ, सुबक दातांचासुद्धा, कारण ते बसवले असते तर पहिल्याच गाण्याला त्यांचा चुरा झाला असता. खाच होती ती दाताची खोड नव्हती, ती त्या माणसाची बैठक होती. आणि ती कशी होती, किती खोल, कुणीकडे तिरकी, हे आता जगात कुणालाही सांगता येणार नव्हतं.

"सांगा ना, कशी होती खाच?" तरी त्यानं विचारलं.

"आता मी काय माझे दात बघत बसलो व्हतो का?"

"नाही, तुम्ही कशाला बघाल!"

काका क्लॅरोनेट पुसत होते. माउथपीस फडक्यात धरून त्यांनी तो उजेडाकडे फिरवला, तेव्हा बुद्धभूषणची नजर तिथे अडकली. काळ्या कडक रबराच्या त्या चोचीवर, वरच्या अंगाला, दोन खळगे होते.

"काका, हा माउथपीस किती वर्षांचा?"

"अठ्ठावीस. बदलला नाय कधी. मास्तरनं दोनदा नवा दिला, मी घेतला नाय. नव्यात तोंड बसंना."

"द्या इकडे." त्यानं जवळजवळ हिसकावूनच घेतला. भिंगाखाली धरला. दोन खळगे, मध्ये बारीकशी उभी धार. उजवा खळगा जास्त खोल आणि आतल्या बाजूला कललेला. दात झिजत होते तेव्हा रबरही झिजत होतं, दोघं अठ्ठावीस वर्षं एकमेकांना घासत आली होती. त्यातले दात गेले, पण रबर इथे होतं. ज्या मापासाठी त्यानं आठवडाभर बोंब मारली होती, ते माप हा म्हातारा खांद्याला अडकवून शहरभर हिंडत होता.

"प्रतिभा, माप घ्यायची पुटी कालव!"

त्यानं मऊ पुटी खळग्यांत दाबली. "रबर खराब नाय ना व्हणार?" झुंबरकाका दर मिनिटाला विचारत होते आणि तो दर मिनिटाला नाही म्हणत होता. पुटी कडक झाल्यावर त्यानं ती अलगद सोडवली. तिच्यावर दोन दातांच्या कडा उमटल्या होत्या, उजवी थोडी लांब, डावी जरा रुंद. झुंबरकाकांनी त्या निरखून पाहिल्या.

"हे माझे दात?"

"तुमचेच. मॅडमनी घासले ते."

तयार झालेले चार दात बुद्धभूषणनं त्याच दिवशी मोडीत काढले आणि पुढचे सहा दिवस त्याचं डोकं फिरलेलं राहिलं. सरळ दात करायला हात सरावलेला होता, झिजलेला दात करायचा तर हाताला सारखं अडवावं लागे. ब्रश आपोआप कोपरा भरून काढी. भट्टीतून काढलं की कड गुळगुळीत गोल दिसे, पुटीशी लावून बघावं तर मध्ये फट. पातळ केली तर कवची तिथे टिकणार नाही, जाड ठेवली तर माउथपीस बसणार नाही. पहिली जोडी फेकली, दुसरी फेकली. तिसरीच्या वेळी प्रतिभा म्हणाली, "हे बघून कुणीही म्हणेल, कारागिराचा हात चुकला." त्यावर तो जेवायच्या ताटावरून उठून गेला आणि चौथी करायला बसला. त्याला हेही कळत होतं की ती खोटं बोलत नव्हती.

शुभांगी मॅडमनी एक गोष्ट मात्र मनापासून केली. बुद्धभूषणनं फोनवर सगळं सुनावल्यावर त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे, दादा. विचारायला हवं होतं." एवढं सरळ बोलल्यावर पुढे भांडायला काही उरलंच नाही, आणि याचाही त्याला वैताग आला.

दहा तारखेला तो स्वतःच स्कूटरवर कवच्या घेऊन गंगापूर रोडला गेला. झुंबरकाका खुर्चीत आडवे होते. बाजूला त्यांची मुलगी राखी उभी होती, शाळेत शिक्षिका, चाळिशीच्या आतली, बोलायला नीटनेटकी. मॅडमनी कवच्या नुसत्या लावून दाखवल्या. रंग उत्तम जमला होता, डाग कुठे दिसत नव्हता. फक्त मधल्या दोन दातांच्या खालच्या कडेला ती उथळ खाच होती.

"हे काय?" राखी म्हणाली. "पुन्हा तीच खाच? मग इतकं सगळं कशासाठी केलं?"

"ताई, ती मुद्दाम..." बुद्धभूषणनं सुरुवात केली.

"मुद्दाम? दादा, मी लहान होते तेव्हापासून बघतेय. हे हसले की हात आधी तोंडावर जातो. माझ्या शाळेच्या कार्यक्रमात, भावाच्या लग्नात, कुठल्याही फोटोत बघा, तोंडावर हात. एकदा तरी मोकळे हसावेत म्हणून मी हे करायला घेतलं. आणि तुम्ही नवे दात झिजवून देताय?"

"ताई, तुम्ही फॉर्मवर सेवानिवृत्त लिहिलंत, त्यानं हे सगळं झालंय!" बुद्धभूषणचा तोल गेला. "एक शब्द लिहिला असता, वादक, तर यांचा एक दात वाया गेला नसता!"

"आहेतच ते निवृत्त! शिपाई म्हणून तीस वर्षं नोकरी केली, पेन्शन घेतात. बँड म्हणजे काय व्यवसाय झाला? गुडघे दुखतात, तरी उन्हात चार-चार तास..."

"थांबा, थांबा," शुभांगी मॅडम मध्ये पडल्या. "आधी माझं ऐका. हे अजून चिकटवलेले नाहीत, त्यामुळे आत्ता वाजवून बघता येणार नाही, फुटतील. आणि एकदा चिकटवले की निघत नाहीत, कापूनच काढावे लागतात. म्हणजे हे चालतील की नाही ते नंतरच कळणार. पुन्हा घासायला माझ्याकडे दातच उरलेला नाही. तुम्ही सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय मी हात लावणार नाही."

बुद्धभूषणला कळत होतं की आता सगळे त्याच्याकडे बघणार, आणि त्याच्याजवळ दोन खळग्यांशिवाय दुसरा पुरावा नव्हता. चुकलं तर हा माणूस उरलेलं आयुष्य मुकाच राहणार होता, आणि त्याला मुका करणाऱ्यांच्या यादीत आता त्याचंही नाव होतं.

झुंबरकाकांनी बोट वर केलं, शाळेतल्यासारखं. मग खुर्चीतूनच हात लांबवून पिशवीतला नुसता माउथपीस काढला आणि न फुंकता हलकेच ओठांत धरला. दात खळग्यांवर टेकले. त्यांनी मान जराशी डावीकडे केली, उजवीकडे केली. माउथपीस हलला नाही. त्यांनी तो तोंडातून काढला.

"बसला," ते म्हणाले. "राखे."

"काय?"

"हापिसानं मला रिटायर केलं, ते करनारच व्हतं. त्याचं मला काय वाटलं नाय. पन तू कशाला केलंस?"

राखीच्या डोळ्यांत पाणी तरारलं आणि ती चिडली, बहुधा पाणी आल्याबद्दलच. "मग तसं सांगायचं ना! घरात तुम्ही तोंड उघडून कधी काही सांगता का, बाबा? सगळं आम्ही ओळखायचं!" मग मॅडमकडे वळून म्हणाली, "लावा. खाच, बिच, काय असेल ते लावा."

मॅडमनी तासभर मान खाली घालून एकेक कवची चिकटवली. एक दिवस वाजवायचं नाही, दोन दिवस हळू, असं त्यांनी चारदा बजावलं. काका मान डोलवत राहिले.

आणि मग चार दिवस कुणाचाही फोन नाही. अकरा गेली, बारा गेली. बुद्धभूषणनं मॅडमना विचारलं, त्यांना माहीत नव्हतं. काकांना फोन लावला तर वाजून वाजून बंद झाला. तुटले असते तर शिव्या द्यायला तरी फोन आला असता. नाही तुटले तर एक शब्द सांगायला काय जातं? तेरा तारखेला त्यानं तीन दातांचा रंग चुकवला आणि प्रतिभानं त्याला भट्टीपासून लांब राहायला सांगितलं.

चौदाला दुपार कलल्यावर तो बिटको चौकात जाऊन उभा राहिला. निळे झेंडे, निळे फेटे, पांढऱ्या साड्यांतल्या बाया, पाण्याचे जार घेऊन उभी पोरं, एकमेकांवर ओरडणारे साउंडवाले. एक मंडळ गेलं, दुसरं गेलं. दोन्हींपुढे बेंजो होता. तिसऱ्या वेळी लांबून, गर्दीच्या डोक्यावरून, क्लॅरोनेटचा एकच लांब सूर आला आणि त्याच्यामागून अख्खा बँड उठला.

बुद्धभूषण गर्दीत घुसला. लाल कोट घातलेले झुंबरकाका पहिल्या रांगेत होते, गुडघा जरा ओढत चालत होते, शेजारून राखी पाण्याची बाटली धरून चालत होती. मावळतीचं ऊन थेट त्यांच्या तोंडावर पडलं होतं. याहून चांगला उजेड मिळणार नव्हता. बावीस वर्षांत त्यानं हजारो दात केले, ते डबीत घालून पाठवले, आणि त्यातला एकही कामावर असलेला त्यानं पाहिला नव्हता. आज बघायचा होता. उन्हात रंग कसा दिसतो, उजवी कड कशी टेकते, त्याला बघायचंच होतं.

तो बँडच्या पुढे होऊन उलट्या पावलांनी चालायला लागला. पण झुंबरकाकांचे ओठ माउथपीसभोवती घट्ट मिटलेले. गाणं संपलं, आता तोंड उघडेल म्हणून तो वाकला, तर मास्तरनं शिट्टी मारली आणि दुसरं गाणं लागलं.

"काका, जरा दाखवा की!" तो ओरडला आणि बोटानं आपले दात दाखवले.

काकांनी त्याला ओळखलं. भुवया उंचावल्या, मान हलवली आणि डोळे मिटून वरचा सूर धरला. तो हलला नाही, घसरला नाही. राखी चालायची थांबली. सूर चौकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तसाच राहिला, आणि तरीही दात काही दिसले नाहीत.

"ओ भाऊ, मधनं सरा," मागून ढोलवाला खेकसला. "वाजवणाऱ्याला जागा द्या."

बुद्धभूषण बाजूला झाला.